तोडीनंतर ‘उरलेले’ लाकूड कोणाचे?

जैव-ऊर्जेचे अंदाज आणि वननिवासी जनतेचा पहिला हक्क

जंगलात लाकूडतोड झाली की ओंडके गाडीवर चढतात आणि शेंडे, फांद्या, साल, बुंधे जागेवरच पडून राहतात. हे सारे कुजून किंवा वणव्यात जळून वाया जाते. मग ते गोळा करून त्यापासून वीज का निर्माण करू नये, असा प्रश्न कोळशाला पर्याय शोधण्याच्या आजच्या काळात वारंवार विचारला जातो. प्रश्न गैर नाही. कोळशाचे साठे अमर्याद नाहीत, हवामान बदलत आहे आणि त्याची पहिली झळ शेतमजूर, कोळी व आदिवासी यांनाच बसत आहे. उर्जेच्या नव्या साधनांचा विचार कम्युनिस्टांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? परंतु या प्रश्नाच्या पोटात दोन शब्द निमूटपणे येऊन बसलेले असतात. एक ‘वाया’ आणि दुसरा ‘उरलेले’. कोणाच्या दृष्टीने वाया? कोणी घेतल्यानंतर उरलेले? या दोन शब्दांची झडती घेतल्यावाचून जो आकडा मांडला जाईल तो आकडा शास्त्रीय दिसेल, पण तो एका वर्गाच्या बाजूचा असेल.

कूप मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे आसपासच्या पाड्यांवरील बाया कोयते घेऊन तेथे पोहोचतात, हे जंगलपट्टीत काम करणाऱ्या प्रत्येक साथीने पाहिलेले आहे. वीस-पंचवीस किलोची मोळी डोईवर घेऊन त्या मैलोगणती चालतात. काही मोळ्या घरच्या चुलीत जातात, काही बाजारच्या गावी विकल्या जातात आणि त्या पैशांतून मीठ-मिरची येते. कार्यालयात बसून जो ‘अवशेष’ टनांत मोजला जातो, तो पाड्यावर आधीच मोजला गेलेला, वाटला गेलेला आणि पुष्कळदा खर्चही झालेला असतो. या मोळीची नोंद मात्र कोणत्याही वखारीच्या वहीत नसते. ज्याची नोंद नाही ते नाहीच, असे मानण्याची नोकरशाहीची जुनी सवय आहे. आजच्या प्रश्नाचे मूळ या सवयीत आहे.

अंदाज कसा बांधला जातो

अशा अंदाजाची रीत समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यात गूढ काही नाही. प्रथम एका वर्षात किती घनमीटर इमारती लाकूड निघाले ते पाहतात. त्याला एका गुणोत्तराने गुणतात; म्हणजे एक घनमीटर ओंडक्यामागे फांद्या-शेंड्यांचे इतके लाकूड उरते, असे धरतात. आलेला आकडा म्हणजे ‘सैद्धांतिक’ उपलब्धता. त्यातून डोंगरउतार, ओढे, रस्त्यांचा अभाव व वाहतुकीतील मोडतोड यांमुळे जे हाती येणारच नाही ते वजा केले की ‘तांत्रिक’ उपलब्धता मिळते. पुढे मातीसाठी जे मागे ठेवले पाहिजे ते वजा करावयाचे. मग जे आधीच कोणीतरी वापरत आहे ते वजा करावयाचे. शेवटी वाहतुकीच्या खर्चात जे परवडत नाही ते वजा करावयाचे. या साऱ्या वजाबाक्यांनंतर जे राहील तेच खरोखर उपलब्ध.

यातील प्रत्येक पायरीवर घसरण्यास जागा आहे. पहिली पायरी गुणोत्तराची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका कोष्टकानुसार, तोडलेल्या संपूर्ण झाडापैकी शेंडे, फांद्या व पाने मिळून सुमारे २३ टक्के आणि बुंधा सुमारे १० टक्के जंगलातच राहतो; उरलेले कारखान्यात जाते आणि तेथेही साल, फळकुटे व भुसा वजा जाता प्रत्यक्ष कापीव लाकूड संपूर्ण झाडाच्या २८ टक्क्यांच्या आसपासच हाती येते. ही ढोबळ सरासरी झाली. सरळसोट वाढलेला लागवडीतील साग आणि पसरट माथ्याचा नैसर्गिक वनातील ऐन यांचे गुणोत्तर एक असू शकत नाही. विरळणीत काढलेल्या कोवळ्या झाडाचे आणि शंभर वर्षांच्या सालाचेही एक असू शकत नाही. परदेशातील सूचिपर्णी वनांचे कोष्टक उचलून मध्य भारताच्या पानझडी वनांना लावले, तर चूक दहा-वीस टक्क्यांची राहत नाही.

दुसरी पायरी मापाची. जळाऊ लाकूड थप्पीत रचून मोजतात. थप्पीच्या घनमीटरात लाकूड असते तशी हवाही असते. वेड्यावाकड्या फांद्यांच्या थप्पीत तर हवा निम्मीही भरते. थप्पीचा घनमीटर हा भरीव घनमीटर समजून हिशेब केला की कागदावरचे लाकूड आपोआप दुप्पट होते. तिसरी पायरी ओलाव्याची. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मे पाणी असलेल्या लाकडापासून ती दोन हजारांच्या घरात येते, कारण पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्ची पडते. ओल्या टनांची बेरीज करून तिला कोरड्या लाकडाच्या उष्णतेने गुणणारा अहवाल हा अहवाल नसून जाहिरात असते.

चौथी पायरी मातीची. झाडातील नत्र, स्फुरद, पालाश व चुना यांचा मोठा वाटा पाने, डहाळ्या व साल यांत असतो. खोडाच्या गाभ्यात तो थोडा असतो. म्हणजे ओंडका नेल्याने जमिनीचे जेवढे नुकसान होते, त्याहून वजनाच्या मानाने कितीतरी अधिक नुकसान फांद्या-पाने झाडून नेल्याने होते. फिनलंडमध्ये तोडीच्या जागी निदान ३० टक्के फांद्या-शेंडे मागे ठेवण्याची शिफारस आहे आणि स्वीडनमध्ये जाळलेल्या लाकडाची राख पुन्हा वनात नेऊन टाकण्याचा प्रघात आहे, तो याच कारणाने. आपल्याकडील उतारावरच्या हलक्या, पावसाने धुपणाऱ्या जमिनीला हा नियम अधिकच लागू आहे.

देशाचा ताळेबंद

आता आपल्या देशाचे आकडे पाहू. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार सरकारी वनांतून वर्षाला सुमारे ३१ लाख ७५ हजार घनमीटर इमारती लाकूड आणि सुमारे १२ लाख ३० हजार टन जळाऊ लाकूड निघत होते. त्याच अहवालात देशातील जळणाचा एकूण वापर २१ कोटी ६४ लाख टन आणि त्यापैकी वनांतून येणारे जळण ५ कोटी ८७ लाख टन असल्याचा अंदाज दिला आहे.

या आकड्यांवर आपणच हिशेब करू, आणि तोही वीजनिर्मितीच्या पुरस्कर्त्यांना पूर्ण सवलत देऊन. एक घनमीटर इमारती लाकडामागे एक संपूर्ण घनमीटर अवशेष उरतो असे मानू. हे गुणोत्तर उदारच आहे. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला ०.७ टन धरू. देशभरच्या सरकारी वनांतील तोडीचे सर्व अवशेष मिळून सुमारे २२ लाख टन होतात. त्यांतून वनखाते आज जे जळाऊ म्हणून विकतेच आहे ते सव्वाबारा लाख टन वजा करा. ते बहुतांशी याच तोडीतले आहे. राहिले सुमारे दहा लाख टन. मातीसाठी काहीही न ठेवता, डोंगरदऱ्यांतील एकही काटकी न सोडता, हा आकडा येतो.

दहा लाख टन लाकडाची वीज किती? एक मेगावॅटचे जैवभार केंद्र वर्षभर चालविण्यास ढोबळमानाने आठ ते दहा हजार टन वाळलेले लाकूड लागते. म्हणजे साऱ्या देशाच्या सरकारी वनांतील उरलासुरला लाकूडफाटा झाडून गोळा केला, तरी शंभर ते सव्वाशे मेगावॅट. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे; तिचे पाच टक्के म्हणजेच १४६ मेगावॅट होतात. देशाच्या विजेच्या प्रश्नापुढे हा आकडा समुद्रातल्या ओंजळीएवढा आहे.

हाच आकडा आता दुसऱ्या पारड्यात घाला. वनांतून लोक वर्षाला ५ कोटी ८७ लाख टन जळण आणतात. तोडीचे सर्वच्या सर्व अवशेष, बावीस लाख टन धरले, तरी लोकांची गरज त्यांच्या सव्वीस-सत्तावीसपट आहे. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालात वनालगतच्या गावांचा निराळ्या पद्धतीने अभ्यास करून जळणाचा आकडा ८ कोटी ५२ लाख टनांवर दिला आहे आणि जळणासाठी वनांवरील अवलंबन सर्वांत अधिक महाराष्ट्रात असल्याचे म्हटले आहे. पद्धती निराळ्या असल्याने या दोन आकड्यांची तुलना करू नये. परंतु कोणताही आकडा घ्या, निष्कर्ष एकच निघतो. ज्या देशात लोकांच्या चुलीची गरज तोडीच्या अवशेषांच्या अनेक पटींनी मोठी आहे, तेथे ‘अतिरिक्त’ अवशेष असा काही पदार्थच अस्तित्वात नाही. तो कागदावर निर्माण करावयाचा तर चुलीकडील रकाना कोरा ठेवावा लागतो.

आज घरोघरी गॅस पोचला आहे, हे आकडे जुने झाले, असे कोणी म्हणेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या हे खरे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४३.२ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले. जोडणी एकदा मिळते, टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरावी लागते आणि ती भरण्याचे पैसे रोजंदारीतून यावे लागतात. टाकी रिकामी असलेल्या घरात चूल पेटते, ती मोळीवरच.

बांबूचा धडा

वनसंपत्तीच्या फुगवलेल्या अंदाजांनी काय होते, हे आपल्या देशाने एकदा पाहिलेले आहे. कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५८ मध्ये बांबूचे जंगल मोकळे करून देण्यात आले. टनाला अवघा दीड रुपया या दराने बांबू दिला जात असल्याचे माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात नोंदविले आहे. त्याच वेळी बुरुडांना मात्र बाजारभावाने बांबू घ्यावा लागत होता. बांबू अखंड पुरेल असा वनखात्याचा अंदाज होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यास गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष बेटे मोजली, तेव्हा हा अंदाज फार फुगवलेला असल्याचे दिसून आले. तोडीच्या सोयीसाठी बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण काढून टाकले जात होते. गावकऱ्यांचे म्हणणे होते की या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुराढोरांपासून वाचतात. पाहणीत गावकरी बरोबर ठरले आणि तज्ज्ञ चुकले. बांबू संपला, कारखाना पुढच्या जंगलाकडे वळला आणि बुरुडाच्या हाती काहीच राहिले नाही.

बस्तरमध्येही सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने सालाची वने काढून कागदासाठी पाइनची लागवड करण्याची योजना आखली गेली. सालाच्या वनाची किंमत तिच्या हिशेबात लाकडाच्या घनमीटरांपुरतीच होती. सालबिया, मोहफुले, डिंक, पाने आणि जळण यांचा रकाना नव्हता. आदिवासींच्या विरोधामुळे ही योजना ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुंडाळावी लागली. दोन्ही उदाहरणांतील दोष अंकगणिताचा वाटतो, पण तो मुळात मालकीचा आहे. ज्याचे वन त्याला मोजणीच्या वेळी विचारले गेले नाही.

‘पडलेल्या लाकडा’चा जुना वाद

हा वाद आजचा नाही. १८४२ च्या शरद ऋतूत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कार्ल मार्क्स यांनी ‘ऱ्हाइनिश त्साइटुंग’ या पत्रात ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळातील लाकूडचोरीच्या कायद्यावरील चर्चेचा परामर्श घेतला. जंगलात आपोआप गळून पडलेल्या काटक्या गोळा करणे हीसुद्धा चोरी ठरविण्याचा वनमालकांचा प्रयत्न होता. उभे झाड तोडणे आणि पडलेली काटकी उचलणे या दोन कृती मुळातच भिन्न आहेत, गरिबांचा हा परंपरागत हक्क आहे आणि राज्यसंस्था वनमालकांची चाकरी करीत आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपल्याला आर्थिक प्रश्नांकडे वळविणाऱ्या पहिल्या निमित्तांत या वादाचा समावेश होता, असे त्यांनी १८५९ साली आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच नमूद केले आहे. वैज्ञानिक समाजवादाच्या वाटेवरील एका आरंभीच्या पावलाखाली अशी वाळकी काटकी होती, ही गोष्ट जैव-ऊर्जेच्या चर्चेत आपण विसरता कामा नये.

भारतात ब्रिटिश सत्तेने १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने हेच घडवून आणले. पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क ‘सवलती’ ठरले. सवलत म्हटली की ती काढूनही घेता येते. ठाणे जिल्ह्यातील वारली शेतमजुरांनी १९४५ पासून लाल बावट्याखाली वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्यात गवतकापणीच्या दराइतकाच जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न होता. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत आले, तेव्हाही वनजमिनीचा हक्क ही त्यांची अग्रक्रमाची मागणी होती.

या लढ्यांच्या रेट्यातूनच कायद्याची भाषा थोडी तरी बदलली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांत व वनांलगत राहणाऱ्या आदिवासी व गरीब जनतेच्या जळण, चारा, गौण वनोपज व घरबांधणीचे लाकूड या गरजांचा वनोत्पन्नावर पहिला अधिकार राहील असे म्हटले, आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो स्वतःच्या व्यवस्थेने पिकवून घ्यावा असे बजावले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपान यांच्याबरोबर झुडूपकाटक्या व बुंधे यांचाही स्पष्ट उल्लेख केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकीहक्क वननिवासींना दिला. म्हणजे जैव-ऊर्जेचे तज्ज्ञ ज्याला बेवारस अवशेष समजतात, त्याच्या मोठ्या भागाचा मालक कायद्याने ठरलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आणला. बांबूच्या बाबतीत जे शक्य झाले ते फांद्या-बुंध्यांच्या बाबतीत अशक्य का असावे?

युरोपचा अनुभव

‘अवशेष’ या शब्दाची सीमा किती सैल असते, हे ब्रिटनमध्ये दिसून आले. यॉर्कशायरमधील ड्रॅक्स हे प्रचंड वीजकेंद्र कोळशावरून लाकडी कांड्यांवर आणले गेले. या दाबीव कांड्या, ज्यांना पेलेट म्हणतात, अमेरिका व कॅनडातून जहाजांनी येतात आणि त्यांवर जनतेच्या पैशातून अनुदान मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील ऊर्जा नियामकाच्या चौकशीनंतर कंपनीने अडीच कोटी पौंड भरण्याचे मान्य केले, कारण कॅनडातून आणलेले लाकूड नेमके कोणत्या प्रतीचे होते याविषयी २०२१-२२ सालासाठी दिलेल्या माहितीला तिला पुरेसा आधार दाखविता आला नाही. अनुदान चुकीने दिले गेल्याचा पुरावा आढळला नाही, असेही नियामकाने म्हटले. ते येथे नोंदविणे न्यायाचे होईल. पण एवढ्या साधनसंपन्न देशात, एवढ्या मोठ्या कंपनीला ओंडका किती आणि फाटा किती हे समाधानकारकपणे सांगता येत नसेल, तर ठेकेदारांच्या साखळीवर चालणाऱ्या आपल्या व्यवस्थेत काय होईल? युरोपीय संघाने २०२३ च्या सुधारित निर्देशात करवतीयोग्य ओंडके, बुंधे व मुळे जाळून केलेल्या उर्जेला थेट आर्थिक साह्य देण्यास मनाई केली, ती या अनुभवांनंतरच.

आपल्याकडे औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैवभाराच्या कांड्या जाळण्याचे धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाले; २०२३ मध्ये मुदती बदलून २०२४-२५ पासून पाच आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे प्रमाण ठरविण्यात आले. धोरणाचा भर शेतातील काडीकचऱ्यावर आहे, लाकडावर नाही, हे मान्य. परंतु सक्तीची मागणी आणि अपुरा पुरवठा एकत्र आले की बाजार भाव वाढवितो आणि वाढलेला भाव सर्वांत दुबळ्या कुंपणाकडे धाव घेतो. ते कुंपण जंगलाचे असेल. भुकटी होऊन कांडीत गेलेले लाकूड कापसाच्या पऱ्हाटीचे की सागाच्या फांदीचे, हे वीजकेंद्राच्या दारात नुसत्या डोळ्यांनी कोण ओळखणार?

काही साथींचा आक्षेप

काही साथी म्हणतात, बायकांनी जन्मभर मोळ्या वाहाव्यात आणि धुरात डोळे व फुप्फुसे जाळून घ्यावीत, अशी का आपली इच्छा आहे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. मोळी हे दारिद्र्याचे ओझे आहे. तिचे गौरवीकरण हे शहरी रोमँटिकांचे काम आहे, कम्युनिस्टांचे नव्हे. आपल्याला चूल धुरापासून मुक्त करावयाची आहे. परंतु त्यासाठी आधी परवडणाऱ्या दराने गॅस वा वीज त्या घरात पोचली पाहिजे आणि टिकली पाहिजे. पर्याय न देता लाकूड काढून नेले, तर चूल विझत नाही. बाई दोन मैल अधिक चालते आणि उभ्या झाडाला कोयता लावते. मग वनखाते तिच्यावर गुन्हा नोंदविते. अवशेष उचलणाऱ्या योजनेतून अशा रीतीने जंगलाचाच अधिक नाश होतो.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. लाकूडफाटा गोळा करण्याच्या कामातून मजुरी मिळेल, असे सांगितले जाते. मिळेल, पण कोणत्या दराने आणि कोणत्या मापाने? कारखाना ओलावा वजा करून पैसे देतो. ही वजावट ठेकेदार मजुराच्या माथी मारतो. मजुराने मात्र पाण्यासकट ओझे वाहिलेले असते. म्हणजे ओझ्याच्या निम्म्या भागाची मजुरी बुडते. तेव्हा असे काम निघालेच तर मजुरी दिवसाची असावी किंवा थप्पीची असावी, ती किमान वेतनाहून कमी नसावी आणि काम १९४७ पासून चालत आलेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांच्या किंवा ग्रामसभेच्या हाती असावे, ठेकेदाराच्या नव्हे.

तिसरे म्हणणे असे की आपण नुसता विरोध करतो. तसे नाही. याच २०११ च्या अहवालात वनांबाहेरील झाडांपासून, म्हणजे शेतांचे बांध, रस्ते, कालवे व शेतकऱ्यांच्या लागवडी यांपासून, वर्षाला सुमारे ४ कोटी २७ लाख घनमीटर लाकूड मिळू शकते असा अंदाज आहे. तो सरकारी वनांतील उत्पादनाच्या तेरा-चौदा पट आहे. यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांतील पॉपलर आणि आंध्रातील सुबाभूळ हे शेतकऱ्याचे पीक आहे. तेथील फांद्या, साल आणि कारखान्यातील भुसा यांचा ठावठिकाणा आहे, रस्ता आहे आणि मालकही आहे. त्याला योग्य भाव द्या. जंगलात पसरलेली घाणेरी काढून तिचे इंधन करावयाचे असेल तर ग्रामसभेच्या देखरेखीखाली जरूर करा. कर्नाटकातील होसहळ्ळी या खेड्यात १९८८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने लाकडापासून वायू तयार करून गावापुरती वीज निर्माण केली, ती गावानेच लावलेल्या झाडांच्या बळावर. जैव-ऊर्जेचा असा गावापुरता, गावाच्या ताब्यातला मार्ग आहे. त्याला आमचा विरोध नाही.

आपले काम

मग पक्षापुढील काम कोणते? पहिले म्हणजे वजाबाकीचा क्रम बदलून घेणे. आज लोकांची गरज ही शेवटची वजावट मानली जाते आणि पुष्कळदा ती विसरली जाते. वननीतीत ‘पहिला अधिकार’ हे शब्द असतील, तर गणिताची पहिली ओळ चुलीची असली पाहिजे, दुसरी मातीची, आणि त्यानंतर काही राहिले तरच वीजकेंद्राची. हा क्रम पाळला तर बहुतेक जिल्ह्यांत तिसऱ्या ओळीवर शून्य येईल. शून्य हेसुद्धा एक शास्त्रीय उत्तर आहे आणि ते छापण्याचे धैर्य अहवालकर्त्यांनी दाखविले पाहिजे.

दुसरे म्हणजे मोजणी आपल्या हाती घेणे. कोणत्याही तालुक्यात असा प्रकल्प आला तर आपल्या साथींनी ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. तोडीचा आकडा कोणत्या वर्षाचा व कोणत्या कूपांचा आहे? गुणोत्तर कोणत्या जातीच्या झाडांवर मोजून काढले? वजन ओले की कोरडे आणि घनमीटर थप्पीचा की भरीव? आज तो फाटा कोण नेत आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेने स्वतः तयार ठेवावे. काटा आणि वही यांपलीकडे त्यास काही लागत नाही. पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत प्रत्येकी एक आठवडा, पाड्यातील दहा-पंधरा घरांच्या मोळ्या तोलाव्यात; शाळेत जाणाऱ्या मुली हे काम उत्तम करतील. हा ठराव सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापन आराखड्यास जोडावा. ज्या गावांचे दावे अजून प्रलंबित आहेत तेथे दाव्याच्या पुराव्यांत ही वही ठेवावी.

तिसरे म्हणजे कोळसा खाणी व वीजकेंद्रांतील कामगार संघटनांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे. वीजकेंद्राच्या दारात येणाऱ्या मालाची प्रतवारी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कांडीत काय आहे, ती कोठून आली, हे विचारण्याचा हक्क त्यांनी मागितला तर जंगलातील बाई आणि कारखान्यातील कामगार यांची एकजूट कागदावर न राहता प्रत्यक्षात येईल.

आकडे खोटे नसतात, असे म्हणतात. पण आकड्यांना रकाने लागतात, आणि रकाने आखणारा हात कोणाचा आहे हे पाहावे लागते. पहाटे कूपात शिरणाऱ्या त्या बाईच्या मोळीला आजवर कोणत्याही रकान्यात जागा मिळालेली नाही. ती जागा मिळवून देणे हे काम लहान दिसते. परंतु जंगलाची मालकी कोणाची, हा मोठा प्रश्न सुटण्याची सुरुवात अशा लहान नोंदींपासूनच होत असते.